वेरूळच्या भिंतीवरचा डाव आणि ओट्यावरचे चिंचोके

वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी निदान तीन लेण्यांत एक घर खेळत बसलेलं आहे. घर कैलासावरचं, खेळ फाशांचा, आणि डाव सुमारे चौदाशे वर्षं मोडलेला नाही. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीहून तिथे पोचायला तासभरही लागत नाही. शाळेची सहल वेरूळला जाते, पाहुणे आले की त्यांना लेणी दाखवायला नेतात, श्रावणात घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं की लेण्यांतही डोकावणं होतं. पण बहुतेकांची पावलं सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यापाशी थांबतात. एका डोंगरातून अख्खं मंदिर कोरून काढलेलं पाहिल्यावर आणखी काही पाहायची ताकद उरत नाही, हे खरंच. तरीही चौदा, एकवीस आणि एकोणतीस या क्रमांकांच्या लेण्यांसाठी एक वेगळी खेप करावी, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी, असा माझा आग्रह आहे.

चौदावं लेणं ‘रावण की खाई’ या नावाने ओळखलं जातं. आत शिरल्यावर एका बाजूची भिंत वैष्णव शिल्पांची आणि दुसऱ्या बाजूची, म्हणजे दक्षिणेची, शैव शिल्पांची. या शैव भिंतीवर महिषासुरमर्दिनीच्या शेजारी शिव-पार्वती एका उंच बैठकीवर समोरासमोर बसून खेळताहेत. पुढे शिवाचं तांडव आहे, कैलास हलवणारा रावण आहे, भैरव आहे. एवढ्या संहार-तांडवाच्या रांगेत हा घरगुती डाव मांडण्याचं कुणाला सुचलं असेल, याचं नवल वाटत राहतं.

जेम्स बर्जेस याने जेम्स फर्ग्युसनबरोबर लिहिलेल्या आणि १८८० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील लेण्यांवरच्या ग्रंथात या शिल्पातल्या मंडळींची मोजदाद केली आहे. ती वाचून लेण्यात उभं राहिलं की शिल्प नीट उलगडतं. शिवाच्या मागे गणपती आणि आणखी एक सेवक. पार्वतीच्या मागे दोन स्त्रिया आणि एक पुरुष. दोघांच्या मधोमध, मागच्या बाजूला, डावात डोकं घालून पाहणारा भृंगी. आणि खाली नंदी, त्याच्याभोवती तेरा लहानगे गण. बेरीज करून पाहा. खेळणारे दोन आणि भोवतीचे वीस.

या शिल्पातलं खरं आश्चर्य माझ्या मते या विसांत आहे. देवांचा राजेशाही खेळ दाखवायचा तर दोन मूर्ती आणि मध्ये पट एवढ्याने काम भागलं असतं. शिल्पकाराने तसं केलं नाही, कारण त्याने घरातला खेळ पाहिलेला होता. घरात दोघं खेळायला बसली की कुणीतरी पाठीशी येऊन उभं राहतं, कुणी एकाची बाजू घेतं, कुणी न विचारता सल्ला देतं, आणि पोरं त्या संधीचा फायदा घेऊन दुसरीकडे धुडगूस घालतात. भृंगीची निवड तर फार मार्मिक आहे. पुराणकथेत हा शिवाचा असा कडवा भक्त की त्याने पार्वतीला प्रदक्षिणा घालायला नकार दिला, तिच्या कोपाने नुसता हाडांचा सापळा उरला आणि उभं राहता यावं म्हणून शेवटी तिसरा पाय मिळाला. असा पक्षपाती माणूस डावाच्या मधोमध पंचासारखा उभा आहे! पार्वतीला दान चांगलं पडलं तर याचा चेहरा कसा होत असेल, हे लेण्यात उभं राहिल्यावर आपोआप मनात येतं.

खालच्या पट्ट्यातले गण हीच घरातली पोरं. नंदीला छेडणं हा त्यांचा उद्योग. वेरूळच्या या शिल्पांमध्ये नंदीच्या शेपटीचीही सुटका नाही. वर मोठ्यांचा डाव रंगलेला, खाली मुलांचा गोंधळ, आणि बिचारा नंदी दोन्हींचा भार सोसत शांत. मुलांच्या खेळात एक सोय असते. जो फार लहान आहे त्याला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात, म्हणजे तो खेळात असतो पण बाद होत नाही. ते तेरा गण मला कैलासावरचे कच्चे लिंबू वाटतात. डावात त्यांची सोंगटी नाही, पण त्यांना वगळून शिल्प पुरं झालं नसतं.

एकोणतिसावं लेणं, धुमार लेणं, बाकीच्यांपासून उत्तरेला थोडं लांब आहे. पावसाळ्यात शेजारीच कड्यावरून धबधबा कोसळतो. त्याच्या डोहाला ‘सीतेची न्हाणी’ म्हणतात. हे लेणं सहाव्या शतकाचं, रचनेने मुंबईजवळच्या घारापुरीच्या मुख्य लेण्याशी मिळतंजुळतं. इथलं द्यूताचं शिल्प मोठं आहे आणि त्यात नाट्य अधिक आहे. पार्वती डाव सोडून उठण्याच्या बेतात आणि शिव तिला थोपवतो आहे, अशी त्याची ओळख करून दिली जाते. एकविसाव्या, रामेश्वर लेण्यातही हाच प्रसंग कोरलेला आहे. एकाच डोंगरात, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा हा विषय घेतला, त्याअर्थी इथल्या लोकांना तो फार प्रिय असणार.

डावामागची कथा पुराणांत अनेक रूपांनी येते. बहुतेक सगळ्या रूपांत शिव हरतो. चंद्रकोर जाते, नाग जातात, अंगावरचं वस्त्रसुद्धा जातं. मग भांडण, रुसवा, समेट आणि पुन्हा डाव. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन या दोन अभ्यासकांनी १९९७ साली शिवाच्या या द्यूतावर एक आख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात वेरूळच्या शिल्पांचा बारकाईने विचार केला. आपल्याकडे या कथेला सणाचं स्थान आहे. दिवाळीच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, पत्नी पतीला ओवाळते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दिवशी पार्वतीने शिवाला द्यूतात हरवलं म्हणून या तिथीला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, हे मात्र फार थोड्या घरांत सांगितलं जातं. कोजागरीच्या व्रतातही रात्र जागवण्यासाठी अक्षक्रीडा सांगितलेली आहे. आटीव दूध राहिलं, फासे गेले.

शिव-पार्वती नेमकं काय खेळताहेत, हा प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. बर्जेसने सरळ ‘चौसर’ लिहिलं, कारण त्याच्या काळात घरोघरी तोच खेळ होता. पुढे मिकाएला सोअर या अभ्यासिकेने प्राचीन शिल्पांतले पट तपासून, हा खेळ आजच्या बॅकगॅमनच्या जातीचा असावा असं मांडलं. अधिकच्या चिन्हासारख्या चार हातांच्या पटाचे निःसंशय पुरावे त्यामानाने बरेच अलीकडचे आहेत. म्हणजे आपण ज्याला सारीपाट म्हणतो तो कदाचित या शिल्पांहून धाकटा आहे.

मधल्या काळाचा एक सुंदर साक्षीदार मराठवाड्याला लागूनच सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, त्याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं आहे. जुन्या मराठी ओळी सापडतात म्हणून मराठीच्या अभ्यासकांनाही तो जवळचा आहे. त्याचा शेवटचा भाग खेळांना वाहिलेला, आणि त्यात बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग आहे, फाशांचे खेळ आहेत, कवड्यांचा खेळही आहे. राजाला कर्तव्यांबरोबर खेळही शिकवायचे असतात, हे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने ग्रंथात नोंदवून ठेवलं.

फाशाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. महाभारत आपल्याला पाठ आहेच, पण याच भूमीतलं एक उदाहरण आहे. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत येते. हरिपाळदेव या नावाने गृहस्थ असताना ते जुगारात हरले, देणं फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने नकार दिला आणि त्यांचं मन संसारातून उडालं. हेच चक्रधर पुढे वेरूळला येऊन राहिले. ज्या डोंगरात शिव-पार्वतीचा डाव कोरलेला आहे त्याच्या सान्निध्यात, जुगाराने घर मोडलेला हा महापुरुष वावरला. खेळात पैसा आला की भोवतीचे वीस जण उठून जातात आणि खेळणारे दोघंच उरतात. म्हणून ओट्यावरच्या खेळात पणाला लावायची गोष्ट फार तर शेंगदाणे किंवा उद्याचं पाणी भरायची पाळी एवढीच असावी.

सारीपाटाचा, म्हणजे सोंगट्यांचा, पट पाहिलेले लोक अजून आहेत. कापडी, चार हातांचा. प्रत्येक हातात तीन उभ्या ओळी आणि ओळीत आठ घरं, म्हणजे एका हाताची चोवीस, चारही हातांची शहाण्णव आणि मधलं मोठं घर वेगळं. चार भिडू, चार रंग, सोळा सोंगट्या. फासे असतील तर लांबट, हस्तिदंती किंवा लाकडी. नसतील तर सहा कवड्या. प्रचलित हिशेबात एकही कवडी उताणी पडली नाही तर पंचवीस, एक उताणी पडली तर दहा, आणि दोनापासून सहापर्यंत जितक्या उताण्या तितकं दान. या पंचविसावरूनच उत्तरेत खेळाचं नाव पचिसी पडलं. अबुल फज्लने ‘ऐन-इ-अकबरी’त चौपडीचं वर्णन केलं आहे. फतेपूर सिक्रीच्या पटांगणातल्या फरशीवर तर माणसं सोंगट्या म्हणून उभी राहतील एवढा मोठा पट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये याच खेळाला सोपं करून, कवड्यांच्या जागी चौकोनी फासा देऊन लुडो तयार झाला, आणि तो पुठ्ठ्यावर छापून आपल्याच बाजारात परत आला.

सापशिडीचं माहेरही इथलंच. मराठीत तिचे जुने पट ‘मोक्षपट’ म्हणून ओळखले जातात आणि परंपरा त्यांचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते. ज्ञानदेवांचं आपेगाव पैठणजवळ, वेरूळच्याच जिल्ह्यात. कोपनहेगन विद्यापीठाच्या जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अशा पटांवर २०१९ साली प्रबंध पूर्ण केला. मोक्षपटात प्रत्येक घराला नाव असतं. काम, क्रोध, दया, सत्संग अशा घरांवरून सोंगटी चालते, आणि जिथे पोचली ते नाव मोठ्याने वाचलं की न खेळणाऱ्यालाही कळतं, कोण कुठे घसरलं. छापील सापशिडीत नुसते आकडे राहिले आणि हे ऐकणं बंद झालं.

आता मोबाइलवर लुडो आहे. २०२०च्या टाळेबंदीत तो घराघरांत खेळला गेला, दूरदूरची भावंडं त्याने जोडली गेली, हे मी कौतुकानेच नोंदवतो. पण तिथे फासा यंत्र टाकतं, सोंगटी यंत्र मोजतं, चूक होऊच देत नाही. हाताएवढ्या काचेवर चार डोकी कशीबशी वाकतात. पाचव्याला जागा नाही. भृंगीने उभं राहायचं कुठे?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातला फोन सुटेना, तेव्हा या गावाने ऑगस्ट २०२२मध्ये ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही नि मोबाइल बंद राहतात. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावं, एकमेकांशी बोलावं, ही अपेक्षा. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. देवगाव रंगारीसारख्या गावांनीही असा भोंगा बसवावा असं मनापासून वाटतं. फक्त त्या दीड तासात घराला काहीतरी हातात लागलं पाहिजे. रिकामा वेळ नुसता दिला की दहाव्या मिनिटाला फोनकडे लक्ष जातं.

हातात लागण्यासारखं आणि एक पैसाही खर्च न होणारं असं काय आहे, तर चिंचोके. चल्लसआठ, अष्टाचंगा, चंफूल अशा निरनिराळ्या नावांनी महाराष्ट्रभर जो खेळ चालतो, त्याची तयारी हाच मुलांचा अर्धा आनंद असतो. उन्हाळ्यात चिंचा फोडल्या की चिंचोके बाजूला ठेवायचे. चांगला वाळलेला चिंचोका घ्यायचा आणि दगडाने हलकेच ठोकायचा. फार जोरात ठोकला तर चुरा होतो, नेमका बसला तर दोन फाका सरळ वेगळ्या होतात. एका अंगाला तपकिरी, गुळगुळीत, फुगीर साल, आणि दुसऱ्या अंगाला पांढरा सपाट गर. फाक नीट पडली नाही तर खडबडीत फरशीवर घासून पांढरी बाजू काढायची. दोन चिंचोक्यांच्या चार फाका झाल्या की फासे तयार.

पट ओट्यावरच, कोळशाने किंवा खडूने. पाच उभी, पाच आडवी, अशी पंचवीस घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरात फुली मारायची. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. चार बाजूंना चार जण बसतात, ज्याच्या समोरची फुली ते त्याचं घर. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, खडे, तुरीच्या काड्या, ज्वारीचे दाणे, काहीही चालतं, चौघांचं वेगळं असलं म्हणजे झालं. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांतून फेरी घालते, मग आतल्या आठ घरांत वळून उलट्या दिशेने फिरते आणि शेवटी मधल्या फुलीत पिकते. निघाल्यापासून पिकेपर्यंत चोवीस पावलं.

दान असं. जितके पांढरे वर तितकी घरं. चारही पांढरे तर चार, आणि चारही तपकिरी तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. फाका दोन्ही बाजूंनी सारख्याच पडतात असं धरलं तर चार फाकांच्या सोळा शक्यता होतात. त्यांतल्या सहा वेळा दोन पडतात, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चार नि आठ सोळांतून एकेकदाच. म्हणून आठ पडलं की ओट्यावर आरडाओरडा होतो. पण चिंचोक्याची एक बाजू फुगीर आणि एक सपाट असते, त्यामुळे प्रत्येक जोडीचा स्वभाव वेगळा. कोणत्या फाका आठ देतात हे पोरांना आठवड्याभरात कळतं, आणि मग ‘माझे चिंचोके’, ‘तुझे चिंचोके’ यावरून भांडणं लागतात. गणिताच्या पुस्तकात जी संभाव्यता दहावीत येते ती इथे सहाव्या वर्षी बोटांत आलेली असते.

नशीब आणि अक्कल यांचं मिश्रण या खेळात असं काही जमलेलं आहे की वय निष्प्रभ होतं. दान कोणाच्या हातात नाही, पण पडलेलं दान कोणत्या सोंगटीला द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. नातीने आजोबांची सोंगटी ऐन पिकायच्या वेळी मारली की आजोबांना ती परत घरातून सुरू करावी लागते, आणि आजोबा तिला सूट देत नाहीत, हे तिलाही ठाऊक असतं. बुद्धिबळात सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी मुद्दाम हरून दाखवावं लागतं. इथे ती गरज पडत नाही. मूल खरोखर जिंकतं, आणि तो आनंद खोटा नसल्याचं त्याच्या तोंडावरूनच दिसतं. चूल सांभाळणारी आई खेळत नसते, पण दान मोजण्यात कुणी लबाडी केली तर तिला आतून आवाजावरून कळतं. शेजारची म्हातारी दारातूनच ‘ती नको, ही चालव’ म्हणून सांगते आणि जिच्याविरुद्ध सांगते तिचा रोष ओढवून घेते.

नियम मात्र कुठेही छापलेले नाहीत, ते घराण्याने चालतात. काही घरांत एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, काहींत येतं. कुठे एका घरात आपल्याच दोन सोंगट्या आल्या की त्यांची जोडी होते आणि ती जोडीनेच मारावी लागते. कुठे लागोपाठ तीनदा चार किंवा आठ पडलं की दान जळतं, कुठे ते चालतं. मधल्या फुलीत जायला नेमकंच दान हवं की जास्तीचं चालेल, यावर तर गावागणिक मत वेगळं. सासर-माहेरच्या दोन्ही आज्या एका ओट्यावर बसणार असतील, तर पहिला चिंचोका टाकण्याआधी एवढ्या चार गोष्टी तोंडी ठरवून घ्याव्यात, आणि ठरलेलं कुणीतरी वहीत लिहून ठेवावं.